नकाराचा मक्ता : सालाझारचे सत्तारोहण आणि त्याचे चरित्रकार

२००७ साली पोर्तुगालच्या सरकारी दूरचित्रवाणीने ‘सर्वांत थोर पोर्तुगीज कोण?’ असा कौल प्रेक्षकांकडून मागवला. यादीत वास्को द गामा होता, महाकवी कामोइंश होता, फर्नांदो पेसोआ होता. निकाल लागला तेव्हा पहिल्या क्रमांकावर होता अंतोनियो द ओलिव्हैरा सालाझार. ४१ टक्के मते. दुसरा आला आल्व्हारो कुन्याल. हा कम्युनिस्ट पुढारी सालाझारच्या कैदेत अकरा वर्षे होता आणि १९६०च्या जानेवारीत पेनिशच्या किल्ल्यातून पळाला म्हणून सुटला. तिसरा आला अरिस्तिदेस द सौझा मेंदेस. बोर्दोचा हा पोर्तुगीज वाणिज्यदूत १९४०च्या जूनमध्ये, वरून आलेला हुकूम मोडून, जर्मन फौजांपुढून पळणाऱ्या हजारो निर्वासितांना व्हिसा देत सुटला होता. सालाझारने त्याला नोकरीतून उठवले आणि तो १९५४ साली दारिद्र्यात मेला. म्हणजे पहिल्या तीन जागांवर एक हुकूमशहा आणि त्याने भरडलेली दोन माणसे.

फोनवरून घेतलेला कौल म्हणजे निवडणूक नव्हे, ज्याला हौस तो फोन करतो, हे मान्य. तरी हा निकाल मला सोडत नाही. जर्मनीत अशाच धर्तीचा कार्यक्रम झाला तेव्हा हिटलरचे नाव सुचवायलाच मनाई होती. पोर्तुगालमध्ये छत्तीस वर्षे पंतप्रधानपद न सोडलेल्या माणसाला मात्र लोक ‘थोर’ म्हणून निवडतात. याचे समर्थन करणारे तीन गोष्टी सांगतात. तो पैसे खाणारा नव्हता. त्याने देशाचे हिशेब नीट केले. आणि त्याला सत्ता नकोच होती, ती त्याच्या गळ्यात पडली. पहिली गोष्ट बव्हंशी खरी आहे. दुसरी अर्धी खरी आहे. या लेखाचा विषय तिसरी गोष्ट आहे, कारण पहिल्या दोन्ही तिच्या खुंटीवर टांगलेल्या आहेत. ती खुंटी कुणी ठोकली, केव्हा ठोकली आणि सालाझारवर लिहिणारे, त्याचे विरोधकसुद्धा, तिच्यावरच आपापला अंगरखा का अडकवतात, हे पाहायचे आहे.

मराठी वाचकाला सालाझार हे नाव गोव्यामुळे ठाऊक. गोवा मुक्तिसंग्रामाच्या आठवणींत तो येतो तो दूर लिस्बनमध्ये बसलेला एक राक्षस म्हणून, हिटलर-मुसोलिनीच्या पंगतीतला तिसरा पाट. ज्यांनी आग्वादच्या कोठड्या भोगल्या त्यांनी त्याच्याकडे अलिप्तपणे पाहावे अशी अपेक्षा करणे हा उर्मटपणा होईल. पण त्या चित्रामुळे आपली एक गैरसोय झाली आहे. हुकूमशहा म्हटला की सज्जा, गणवेश, आरोळ्या आणि लाखोंचा जमाव आपल्या डोळ्यांपुढे येतो. सालाझारपाशी यातले काहीच नव्हते. तो गर्दीला कंटाळायचा, लिहून आणलेले भाषण बारीक आवाजात वाचायचा, अविवाहित होता, सरकारी निवासाच्या परसात त्याच्या घरकाम पाहणाऱ्या बाईने कोंबड्या पाळल्या होत्या. आपल्या ओळखीच्या एखाद्या काटकसरी, करड्या शिस्तीच्या निवृत्त मुख्याध्यापकाशी तो सहज जुळेल. ‘दहा वर्षे एखादा प्रामाणिक हुकूमशहा हवा’ हे वाक्य आपल्या दिवाणखान्यांत चहाबरोबर ज्या सहजपणे फिरते, त्यातला माणूस हिटलर नसतोच. तो सालाझारच असतो, फक्त बोलणाऱ्याला नाव माहीत नसते.

०

तो २८ एप्रिल १८८९ रोजी जन्मला. गाव व्हिमिएरो, सांता कोंबा दांवजवळचे, बैरा प्रांताच्या डोंगराळ भागातले. बाप एका जमीनदार घराण्याच्या मालमत्तेचा कारभारी. चार बहिणींच्या पाठीवर झालेला हा एकुलता मुलगा. गरीब घरच्या हुशार मुलाला शिक्षणाची एकच वाट होती, पाद्री होण्याची. १९०० ते १९०८ तो व्हिसेऊच्या सेमिनरीत होता. पाद्री काही झाला नाही. १९१० साली कोइंब्रा विद्यापीठात कायदा शिकायला आला आणि त्याच ऑक्टोबरात राजेशाही कोसळून प्रजासत्ताक आले. हे प्रजासत्ताक चर्चच्या हात धुऊन मागे लागले होते. सालाझार कॅथलिक विद्यार्थी संघटनेत ओढला गेला. तिथे त्याचा मित्र होता मानुएल सेरेजेइरा, पुढे लिस्बनचा कार्डिनल झालेला. वीसपैकी एकोणीस गुण मिळवून सालाझार १९१४ मध्ये पदवीधर झाला आणि काही वर्षांत तिथेच अर्थशास्त्राचा प्राध्यापक.

१९१९ साली राजेशाहीवादी असल्याच्या आरोपावरून काही प्राध्यापकांना निलंबित केले, त्यांत तो होता. त्याने आपल्या बचावाचे निवेदन छापून प्रसिद्ध केले आणि तो सुटला. सालाझारच्या लेखनाचा जो साचा पुढे पन्नास वर्षे टिकला त्याचा पहिला नमुना या निवेदनात सापडतो. मी गरीब घरचा, मी अभ्यासात बुडालेला, मला राजकारणात रस नाही. तीस वर्षांनी, १९४९ च्या एका भाषणात, त्याने गरीब असणे ही आपल्यावर झालेली दैवी कृपा असल्याचे सांगितले. सूर तोच. मधल्या काळात तो देशाचा मालक झाला होता, एवढाच फरक.

प्रजासत्ताकाने स्वतःची कबर स्वतः खोदली यात शंका नाही. सोळा वर्षांत चाळीसहून अधिक मंत्रिमंडळे झाली. पहिल्या महायुद्धात उतरण्याच्या हौसेने तिजोरी रिकामी केली, चलन घसरत गेले. १९२५ साली तर एक अशी गोष्ट घडली की कादंबरीत लिहिली असती तर संपादकाने परत पाठवली असती. आल्व्हेस रेइस नावाच्या भामट्याने पोर्तुगालच्या बँकेचे खोटे करारपत्र बनवून, त्या बँकेसाठी खऱ्या नोटा छापणाऱ्या लंडनच्या वॉटरलो कंपनीकडूनच पाचशे एस्कुदोंच्या दोन लाख नोटा छापून घेतल्या. नोटांवर चित्र वास्को द गामाचे. नोटा खोट्या म्हणाव्यात तर कागद खरा, शाई खरी, छापखाना खरा. डिसेंबरात बिंग फुटले तेव्हा लोकांचा नोटेवरचाच नव्हे, तर सही-शिक्क्यावरचाही विश्वास उडाला. हिशेब चोख ठेवणारा माणूस म्हणजे देवदूत, अशी मनःस्थिती तयार व्हायला आणखी काय लागते? सालाझारच्या चाहत्यांनी हा प्रसंग रंगवून सांगावा हे ठीकच आहे. विरोधकांनी तो गाळू नये असे मला वाटते. रोग खोटा नव्हता.

०

आता ते गाजलेले नकार.

१९२१ मध्ये कॅथलिक पक्षाच्या वतीने तो संसदेवर निवडून आला, एक दिवस बसला आणि कोइंब्राला परतला. पहिला नकार. २८ मे १९२६ रोजी जनरल गोमेस द कॉस्ताने ब्रागाहून सैन्य काढले, प्रजासत्ताक गुंडाळले गेले आणि जूनमध्ये सालाझारला अर्थमंत्री केले. हवे ते अधिकार मिळण्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा काही दिवसांत तो पुन्हा कोइंब्राला. दुसरा नकार. मग दोन वर्षे तो पुस्तकांत बुडून राहिला असे गोड चित्र काढले जाते. तो गप्प नव्हता. या काळात कॅथलिक वृत्तपत्रातून लेख लिहून तो लष्करी सरकारच्या अर्थकारणावर टीका करत होता. सरकारने राष्ट्रसंघाकडे १ कोटी २० लाख पौंडांचे कर्ज मागितले होते. राष्ट्रसंघाने बदल्यात देखरेखीची अट घातली आणि देशाचा अपमान झाला म्हणून कर्ज बारगळले. परक्यांची देखरेख नको, तर मग घरचाच कुणी कडक देखरेख करणारा हवा. २७ एप्रिल १९२८ रोजी सालाझार अर्थमंत्री झाला. या वेळी त्याने आपल्या अटी जाहीरपणे वाचून दाखवल्या.

या चार अटी मी पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत. प्रत्येक खात्याने अर्थखाते नेमून देईल त्या रकमेतच भागवायचे. ज्या निर्णयाने जमाखर्चावर परिणाम होईल तो आधी अर्थखात्याशी बोलून ठरवायचा. चालू खर्चाच्या कोणत्याही वाढीला अर्थखाते नकाराधिकार वापरू शकेल. आणि खर्चकपात, महसूलवसुली यांच्या उपायांत अर्थखात्याने इतर खात्यांशी सहकार्य करायचे. वरवर पाहता किती साधे! घरातल्या काटकसरी आजीनेही हेच सांगितले असते. पण सरकारी कचेरीत ज्याने काही वर्षे काढली आहेत त्याला ठाऊक असते की साहेब कोण हे दारावरच्या पाटीवरून कळत नाही. खर्चाच्या फाइलवर शेवटचा शेरा कोण मारतो त्यावरून कळते. युद्धखात्याला तोफ घ्यायची आहे, शिक्षणखात्याला शाळा काढायची आहे, बांधकामखात्याला पूल बांधायचा आहे, सगळ्या फाइली एका टेबलावर येणार आणि तिथला माणूस एकच अक्षर लिहू शकणार : ‘नाही’. ज्या सेनाधिकाऱ्यांनी बंदुकीच्या बळावर सत्ता घेतली होती त्यांनी तिची किल्ली राजीखुशीने एका प्राध्यापकाच्या हाती दिली आणि आपण एक हिशेबनीस नेमला असे समजून ते घरी गेले. त्याच भाषणात त्याने हेही सांगितले की आपल्याला काय हवे आहे आणि कुठे जायचे आहे हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. देशाने चर्चा करावी, हरकती घ्याव्यात, पण आज्ञेची वेळ आली की आज्ञा पाळावी. सत्ता नको असलेला माणूस असे बोलत नाही.

करवाढ आणि कपात यांच्या जोरावर १९२८–२९ चे अंदाजपत्रक शिलकीचे झाले. देश थक्क झाला.

पुढच्याच वर्षी नकाराचे हत्यार कसे चालते हे दिसले. १९२९च्या जुलैमध्ये न्यायमंत्री मारियो द फिगेरेदो याने चर्चच्या घंटा आणि मिरवणुका यांवरची बंधने सैल केली. हा सालाझारचा कोइंब्राचा मित्र. मंत्रिमंडळाने निर्णय फिरवला, फिगेरेदो बाहेर पडला, पाठोपाठ सालाझारने राजीनामा पुढे केला. तो त्या वेळी पाय मोडून इस्पितळात पडला होता. राष्ट्राध्यक्ष कार्मोना स्वतः त्याच्या खाटेपाशी गेला आणि त्याचे मन वळवले. सालाझार राहिला, गेला तो पंतप्रधान. घंटांचा तंटा किरकोळ होता. पण आता सगळ्यांना कळले की हा माणूस ‘मी जातो’ म्हणाला की दुसऱ्या कुणाला तरी जावे लागते. ५ जुलै १९३२ रोजी तो पंतप्रधान झाला तेव्हा फक्त पाटी बदलली.

या प्रसंगमालिकेला चरित्रकार ‘अनिच्छा’ म्हणतात. मला यात बाजारातला जुना डाव दिसतो. गिऱ्हाइकाची गरज पाहून दुकानदार माल आत ठेवतो आणि भाव वाढला की बाहेर काढतो. सालाझारच्या मनात काय होते हा वाद मला घालायचा नाही. मनाचे दप्तर कुठल्याच अभिलेखागारात मिळत नाही. अटींचे दप्तर मिळते, आणि प्रत्येक नकारानंतर अटी वाढलेल्या दिसतात.

०

तरीही ‘अनिच्छा’ हा शब्द टिकला. तो टिकवण्याचे काम एका उत्तम लेखकाने केले. अंतोनियो फेरो हा लिस्बनच्या आधुनिकतावादी मंडळींतला. १९१५ साली पेसोआ आणि त्याच्या मित्रांनी ‘ओर्फेऊ’ हे खळबळजनक नियतकालिक काढले तेव्हा संपादक म्हणून नाव फेरोचे होते. तो अल्पवयीन असल्यामुळे कायद्याच्या कटकटी टळतील, असा त्यामागे हिशेब. पुढे तो पत्रकार झाला, युरोपभर हिंडून त्याने मुसोलिनीसह अनेक हुकूमशहांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांचे पुस्तक केले. १९३२च्या डिसेंबरात त्याने सालाझारच्या मुलाखती वृत्तपत्रात छापल्या. १९३३ मध्ये त्यांचे पुस्तक झाले, सालाझारने त्याला प्रस्तावना लिहिली, अनेक भाषांत अनुवाद झाले. त्याच वर्षी सरकारचे प्रचारखाते निघाले, प्रमुख फेरो.

समीक्षक म्हणून मला या पुस्तकाचे कौतुक करावेच लागेल. फेरोने ओळखले की या नायकाला मुसोलिनीचा पोशाख बसणार नाही. म्हणून त्याने उणिवांचाच अलंकार केला. माणूस थंड आहे? ती एकाग्रता. बोलत नाही? तो विचार करतो. लोकांत मिसळत नाही? तो लोकांसाठी जागतो. एकांतवासी, फाइलींचा संन्यासी अशी मूर्ती त्याने घडवली. ज्या देशात निम्म्याहून अधिक माणसे निरक्षर होती तिथे ही मूर्ती वाचणाऱ्या वर्गासाठी होती, आणि हुकूमशाहीला पहिला होकार त्याच वर्गाकडून हवा असतो.

पण या पुस्तकात एक जागा अशी आहे की तिथे मूर्तीचा रंग खरवडला जातो. कैद्यांच्या छळाबद्दल फेरोने विचारले. सालाझारने ते नाकारले नाही. मार खाणारे बहुतेक बॉम्ब करणारे होते, असे तो म्हणाला, आणि उलट प्रश्न केला की निरपराध माणसांचा जीव वाचत असेल तर अशांना वेळीच लगावलेल्या चार-सहा तडाख्यांची किंमत ती काय? हा युक्तिवाद आज आपल्याला जगभर ऐकू येतो, म्हणून त्याचे वय लक्षात ठेवावे. १९३२ साल. गुप्त पोलीस संघटना १९३३ ची, ती पुढे १९४५ पासून ‘पीदे’ या नावाने कुप्रसिद्ध झाली. केप व्हर्दे बेटांवरची ताराफालची छावणी १९३६ ची. तडाख्यांचे समर्थन आधी झाले, यंत्रणा नंतर उभी राहिली. आणि हे सगळे छापील, प्रस्तावनेसह, अनुवादांसह उपलब्ध होते. सालाझारने काही लपवले नाही. वाचणाऱ्यांनी पान उलटले.

पेसोआचे उदाहरण मला याच संदर्भात महत्त्वाचे वाटते. १९२८ मध्ये त्याने लष्करी हुकूमशाहीचे समर्थन करणारी पुस्तिका लिहिली होती. १९३४ मध्ये त्याच्या ‘मेन्साजें’ या संग्रहाला फेरोच्याच खात्याचे पारितोषिक मिळाले. पण १९३५च्या फेब्रुवारीत गुप्त संस्थांवर बंदी आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध त्याने वृत्तपत्रात उघड लेख लिहिला, आणि त्याच महिन्यात सालाझारने पारितोषिक समारंभाच्या भाषणात लेखकांनाही मर्यादा हव्यात असे सांगितल्यावर तो पुरता उलटला. त्याने सालाझारवर उपहासाच्या कविता लिहिल्या; एकीत त्या नावाचे दोन तुकडे केले, ‘साल’ म्हणजे मीठ आणि ‘अझार’ म्हणजे दुर्दैव. त्या छापणे शक्य नव्हते. नोव्हेंबरात तो वारला. शब्दाशी रात्रंदिवस खेळणाऱ्या या माणसालाही मुकाट, काटकसरी प्राध्यापकामागचा हुकूमशहा ओळखायला सात वर्षे लागली. मग बाकीच्यांना दोष काय द्यावा!

०

१९३३ ची राज्यघटना हा माझ्या मते सालाझारच्या चरित्राचा गाभा आहे, आणि सामान्य वाचकासाठी लिहिलेल्या पुस्तकांत तिला बहुधा दोन परिच्छेद मिळतात. १९ मार्चला तिच्यावर सार्वमत झाले. विरोधात पडलेली मते सहा हजारांच्या आसपास. पण खरी गंमत नियमात होती : जे मतदानाला येणार नाहीत त्यांची संमती धरली जाईल. गैरहजर म्हणजे होकार. आजारी, अडाणी, घाबरलेला, रागावून घरी बसलेला, सगळे ‘हो’ म्हणाले असे समजायचे.

१९२८ ची तिसरी अट आणि १९३३ चा हा नियम शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्याने ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार एका माणसाकडे गोळा केला. दुसऱ्याने बाकीच्या देशाच्या मौनाचा ‘हो’ केला. नकाराचा मक्ता म्हणतो तो हा. यापुढचे सगळे या दोन ओळींचा विस्तार आहे. सेन्सॉरची निळी पेन्सिल आली, कारण छापील नकार नको. एकच पक्ष राहिला, ‘राष्ट्रीय संघ’. निळ्या सदऱ्यांचे राष्ट्रीय सिंडिकॅलिस्ट उजवीकडून आरडाओरडा करत होते, त्यांचीही संघटना १९३४ मध्ये मोडली. सालाझार फॅसिस्ट होता की नव्हता यावर इतिहासकारांनी कपाटे भरली आहेत. तो वाद मला तिथीच्या वादासारखा वाटतो, उपास करणाऱ्याची भूक त्याने बदलत नाही.

आणि हा मक्ता गोव्यापर्यंत आधीच पोचला होता. १९३० मध्ये सालाझार काही काळ वसाहतखातेही सांभाळत होता. त्या वेळी निघालेल्या ‘वसाहत कायद्या’ने परमुलूख ताब्यात ठेवणे आणि तिथल्या लोकांना सुसंस्कृत करणे हे पोर्तुगीज राष्ट्राचे अंगभूत कार्य ठरवले. गोव्याच्या विधिमंडळात लुईस द मेनेझिस ब्रागांझा यांनी त्याच वर्षी विरोधाचा ठराव मांडला आणि स्वयंनिर्णयाचा हक्क सांगितला. हा नकार सभागृहात, नियमाप्रमाणे, उत्तम पोर्तुगीजमध्ये नोंदवलेला होता. लिस्बनने तो ऐकला नाही. पुढे गोव्यात लग्नाच्या पत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवाव्या लागत, ही जुन्या गोवेकरांची आठवण आपण ऐकलेली आहे. १९४६ मध्ये त्रिस्तांव ब्रागांझा कुन्या यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालला, पेनिशच्या किल्ल्यात पाठवले. चौदा वर्षांनी कुन्याल पळाला तोच हा किल्ला.

१९५१ मध्ये ‘वसाहत’ हा शब्द घटनेतून काढून ‘सागरपार प्रांत’ असा केला. १९५६च्या एप्रिलमध्ये सालाझारने अमेरिकेतल्या ‘फॉरिन अफेअर्स’ या त्रैमासिकात गोव्यावर लेख लिहिला. लेख संयमी आहे, मुद्देसूद आहे, आणि त्यात गोवेकर कुठेही बोलत नाही. ते बोलले नाहीत म्हणजे ते पोर्तुगीज आहेत, हाच युक्तिवादाचा कणा. १९३३ चा नियम, समुद्र ओलांडून आलेला. १४ डिसेंबर १९६१ रोजी गव्हर्नर-जनरल व्हासालो ई सिल्वाला त्याने तार केली तिचा आशय असा, की शरणागती नको, सैनिक विजयी तरी असावेत किंवा मेलेले तरी. व्हासालोने १९ तारखेला शरणागती पत्करून हजारो जीव वाचवले. त्याबद्दल त्याला सैन्यातून काढून टाकण्यात आले. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार त्यालाही नव्हता.

०

चरित्रकारांकडे वळतो. क्रिस्तीन गार्निए या फ्रेंच पत्रकार बाईंचे ‘सालाझारसोबत सुट्टी’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक १९५२ चे. फेरोने घडवलेल्या संन्याशाला तिने फुले आणि हलका विनोद दिला. फ्रांको नोगेरा हा सालाझारचा परराष्ट्रमंत्री, त्याने सहा खंड लिहिले. कागदपत्रांसाठी ते टाळता येत नाहीत, पण शेवटी ते मंत्र्याने लिहिलेले चरित्र आहे. २००९ मध्ये फिलिप रिबैरो द मेनेझेस यांचे इंग्रजीतले राजकीय चरित्र आले. माझ्या वाचनातले हे सर्वांत भरवशाचे. ते स्वभावापेक्षा निर्णयांचा माग काढते. पंतप्रधानपद टिकवण्यासाठी सालाझारने किती मेहनत घेतली हे त्यातून उलगडते. टॉम गॅलहर यांचे २०२० चे चरित्र वाचनीय आहे आणि सालाझारकडे बऱ्याच सहानुभूतीने पाहते. त्यांच्या सहानुभूतीला माझी हरकत नाही. सहानुभूतीशिवाय चरित्र होत नाही. हरकत आहे ती तिच्या दिशेला. सालाझारचा एकाकीपणा, काटकसर, युद्धात राखलेली तटस्थता यांचे वर्णन वाचताना वाचक त्या माणसाच्या अभ्यासिकेत बसतो आणि तिथून देश पाहतो. त्या खिडकीतून ताराफाल दिसत नाही.

१९५८ मध्ये अभ्यासिकेबाहेरून एक आवाज आला. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार जनरल हुम्बेर्तो देल्गादो याला पत्रकाराने विचारले, निवडून आलात तर सालाझारचे काय? त्याने सांगितले, अर्थातच त्याला काढून टाकणार. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी भर सभेत सालाझारलाच ‘नाही’ म्हटले आणि पोर्तोच्या रस्त्यांवर माणसांचा पूर आला. निकालात देल्गादो हरला असे जाहीर झाले. पुढच्याच वर्षी घटना बदलून राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक बंद केली. १९६५च्या फेब्रुवारीत पीदेच्या माणसांनी देल्गादोला स्पेनच्या सरहद्दीजवळ बोलावून ठार मारले, त्याच्या चिटणीस बाईंनाही. प्रामाणिक हिशेबनिसाच्या खतावणीत या दोन नोंदी कोणत्या खात्यावर टाकायच्या?

१९६८च्या ऑगस्टमध्ये एस्तोरिलच्या किल्ल्यात सालाझार खुर्चीवरून पडला. सप्टेंबरात शस्त्रक्रिया झाली, तो निकामी झाला आणि मार्सेलो कायतानो पंतप्रधान झाला. जुझे सारामागोची यावर ‘खुर्ची’ नावाची कथा आहे, १९७८च्या संग्रहातली. खुर्चीचे लाकूड आतून पोखरणारा किडा तिचा नायक, आणि पडण्याचा तो क्षण सारामागो पानेच्या पाने लांबवतो. कथा म्हणून ती अफाट आहे, मी ती मित्रांना वाचून दाखवली आहे. तरी माझी एक तक्रार आहे. किड्याला श्रेय दिले की माणसे सुटतात. खुर्ची मोडली तरी राज्य मोडले नाही. सेन्सॉर, पीदे, आफ्रिकेतली युद्धे २५ एप्रिल १९७४ पर्यंत चालूच राहिली. ‘रिकार्दो रेइसच्या मृत्यूचे वर्ष’ या कादंबरीत सारामागोने हे अधिक खोल पाहिले. तिथे १९३६ चे लिस्बन आहे, पाऊस आहे, आणि वर्तमानपत्र वाचत गप्प बसणारा एक सुसंस्कृत डॉक्टर आहे. सालाझार त्या कादंबरीत जवळजवळ दिसतच नाही. त्याला समजून घ्यायला मला ही कादंबरी काही चरित्रांपेक्षा जास्त उपयोगी पडली.

पडल्यानंतर तो जवळजवळ दोन वर्षे जगला, २७ जुलै १९७० पर्यंत. आपल्याला काढले आहे हे त्याला कुणी सांगितले नाही. तो सरकारी निवासातच राहिला. जुने मंत्री भेटायला येत, कामकाजाचे बोलत, तो सूचना देई, ते माना डोलावत. १९६९ मध्ये एका फ्रेंच पत्रकाराने कायतानोबद्दल विचारले, तेव्हा माणूस हुशार आहे पण मंत्रिमंडळात नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. खोलीतल्या कुणीही ते दुरुस्त केले नाही.

त्याच १९६९च्या जानेवारीत लिस्बनजवळच्या काशियास तुरुंगातून मोहन रानडे सुटले. गोव्यात मराठी शिकवणाऱ्या या तरुणाला १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात पकडून सव्वीस वर्षांची शिक्षा दिली होती. गोवा मुक्त होऊन सात वर्षे झाली तरी ते तिथेच होते. सुधीर फडके यांनी त्यांच्या सुटकेसाठी इकडे किती खटपट केली हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. ‘सतीचे वाण’ हे रानड्यांचे पुस्तक त्यासाठी पुन्हा काढून वाचले. सुटकेचा हुकूम कायतानोच्या सरकारचा. काशियासपासून सालाझारचे निवासस्थान फार दूर नाही. तिथे खाटेवर पडलेल्या माणसाच्या समजुतीप्रमाणे देशातला प्रत्येक हुकूम अजून त्याच्याच सहीने निघत होता.